करडा रंग, वीस लिटर

मकासरच्या पालिकेत मी रंगारी आहे, तिसऱ्या श्रेणीचा.
रंगवत काही नाही. रंगवलेलं बुजवतो.
उड्डाणपुलाचे खांब, बंदराची भिंत, शाळेमागचा नाला,
पोरं रात्री फवारून जातात,
सकाळी मी येतो, लांब दांड्याचा रोलर, वीस लिटरची बादली.
या करड्याला कोठारात नाव नाही, आकडा आहे.

माझा मामा, दाएंग सिकी, मारोसच्या डोंगरात गुहेचा राखणदार.
खाली भाताची खाचरं, वर चुनखडीचा कडा,
लोखंडी शिडी चढून गेलं की भिंतीवर हात. खूप हात.
लाल धुरळ्यात उरलेले, कुणाची करंगळी आखूड,
कुणाची बोटं मुद्दाम टोकदार केलेली.
मिठानं भिंतीचे पापुद्रे सुटतायत.
मामा वहीत लिहितो : "मंगळवार. रेड्याच्या पाठीवरून नखाएवढं गेलं."
वहीला सतरा वर्षं झाली. कुणी मागायला आलेलं नाही.

मी सहा वर्षांचा असताना मामानं
माझा पंजा न्हाणीघराच्या भिंतीला टेकवला,
तोंडातलं पान नीट चघळलं, गाल फुगवले
आणि पिचकारी मारली.
हात काढ, म्हणाला.
मी आधी हाताकडेच पाहिलं, कोपरापर्यंत लाल, चिकट.
भिंतीवर मी कोरडा होतो.
त्या भिंतीचं नाव काढलं की मामी अजून ओरडते.

म्हणून डब्याचा फुस्स आवाज आला की
मला रंगाआधी पानाचा वास येतो.
हे साहेबाला कधी सांगितलेलं नाही.

गुरुवारी खांब क्रमांक नऊ.
त्यावर अनोआ, आमच्या बेटावरचा बुटका रानरेडा,
पण ट्रकच्या उंचीचा, पोट लालभडक,
भोवती काडीसारखी माणसं, हातात दोरांऐवजी मोबाईल.
मान वळवून तो येणाऱ्या गाड्यांकडे बघत होता
आणि मला, खरं सांगतो, त्याच्या कानापासून सुरुवात करवेना.
शेपटाकडून केली.

पोटापर्यंत आलो तेव्हा ती आली. रान्नू, हे मागाहून कळलं.
मासळीबाजारातले गमबूट, नखांत लाल.
"काका, पोट तरी ठेवा."
हुकूम आहे, म्हटलं.
"मग डोळा."
आठला साहेब येतो, म्हटलं.
पुढं ती बोलली नाही. डावा पंजा पसरून
रेड्याच्या पोटावर ठेवला आणि तशीच उभी राहिली,
आजारी जनावराचा ताप बघतात तशी.

मी काय तिला उचलून बाजूला ठेवणार होतो?
रोलर भिजवला, निथळवला,
तिच्या हाताभोवतीनं फिरवला.
मनगट. अंगठ्याचा कोनाडा. बोटांच्या फटी
रोलरला जमेनात, तिथं लहान ब्रश घेतला.
एकदा बोटाला लागला, तर हसली. गुदगुल्या.
साडेसातला तिनं हात काढला.
अख्खा खांब करडा. मधे पाच बोटांएवढा रेडा.

साहेबानं मोटारसायकलवरूनच पाहिलं.
"ते काय राहिलं?"
रंग संपला.
बादलीत दोन लिटर तरी होता, झाकणावर मी बसलो होतो.
त्यानं कागदावर लिहिलं : काम पूर्ण, डाग एक.

रात्री मामाचा फोन. नेहमीचं विचारणं :
आज किती बुजवलं?
म्हटलं, एक हात राहिला.
बराच वेळ पलीकडून नुसतं चघळणं,
मग वहीचं पान उलटल्याचा आवाज,
मग म्हणाला,
डावा की उजवा?